मालिका अपूर्ण : १९१९ चा स्टॅन्ली करंडक

कॅनडा आणि अमेरिकेत आइस हॉकीचा जो सर्वांत मानाचा करंडक आहे, त्या स्टॅन्ली करंडकाच्या अंगावर विजेत्यांची नावे कोरलेली असतात. वर एक वाडगा, खाली चांदीचे पट्टे आणि पट्ट्यांवर बारीक अक्षरांत नावेच नावे. १९१९ या सालापाशी मात्र एक नव्हे, दोन संघांची नावे आहेत आणि दोघांपैकी कोणीही विजेता नाही. मराठीत सांगायचे तर तिथे एवढेच लिहिले आहे : माँट्रिअल कॅनेडियन्स, सिॲटल मेट्रोपॉलिटन्स, मालिका अपूर्ण.

मी खेळाडू नाही, क्रीडा-पत्रकारही नाही. बर्फावर उभे राहण्याचा प्रसंग आयुष्यात एकदाच आला आणि तेव्हाही मी आपटलो. २०२० च्या टाळेबंदीत जगभरचे सामने एकामागून एक बंद पडू लागले, तेव्हा ‘असे पूर्वी कधी झाले होते का’ हा साधा प्रश्न घेऊन मी शोधायला बसलो आणि या ओळीपाशी अडकलो. अडकण्याचे कारण घरचे होते. आमच्या घरी पणजीचा विषय निघाला की आजी म्हणायची, ‘ती मानमोडीत गेली.’ १९१८ साली आपल्याकडे इन्फ्लुएंझाची जी साथ आली, तिला गावोगाव हेच नाव होते. करंडकावरची ती अपूर्ण मालिका याच साथीने मोडली. माणसे दुसरी, मुलूख दुसरा, दुखणे तेच.

आधी खेळाची थोडी ओळख करून द्यायला हवी. हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद आणि हिरवे मैदान येते. आइस हॉकीत मैदानाच्या जागी गोठवलेले पाणी, चेंडूच्या जागी कडक रबराची चपटी चकती आणि खेळाडूंच्या पायांत पोलादी पात्यांचे बूट. साठ मिनिटांचा सामना, वीस-वीस मिनिटांची तीन सत्रे. अंगाला अंग भिडवणे नियमांत बसते. त्यामुळे धडकणे, काठ्या लागणे, रक्त येणे हे त्या काळी रोजचेच होते. आजच्या सामन्यात खेळाडू मिनिटभर खेळून बाहेर येतो, दुसरा आत जातो. १९१९ मध्ये तसे नव्हते. अख्ख्या संघात जेमतेम नऊ-दहा माणसे असत आणि मुख्य खेळाडू जवळजवळ पूर्ण वेळ बर्फावर काढीत. हे लक्षात ठेवले नाही तर पुढची गोष्ट नीट कळणार नाही.

करंडक दिला तो कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी, १८९२ साली. किंमत दहा गिनी. पहिल्यांदा तो १८९३ मध्ये माँट्रिअलच्या एका संघाला मिळाला. सुरुवातीला तो हौशी खेळाडूंसाठी होता. पुढे खेळात पैसा आला, धंदेवाईक संघ उभे राहिले आणि त्यांच्यात पूर्व-पश्चिम अशी फाळणी झाली. पूर्वेला माँट्रिअल, ओटावा, टोरांटो ही जुनी शहरे. पश्चिमेला पॅसिफिकच्या किनाऱ्यावर लेस्टर आणि फ्रँक या पॅट्रिक बंधूंनी १९११ मध्ये स्वतःची लीग काढली. हे बंधू म्हणजे एक प्रकरणच होते. वडिलांनी लाकडाचा धंदा विकला, त्या पैशांतून यांनी व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरिया येथे कृत्रिम बर्फाची बंदिस्त मैदाने बांधली. कॅनडातली अशी ही पहिलीच. किनाऱ्यावरचा हिवाळा सौम्य, तिथे तळी भरवशाने गोठत नाहीत, म्हणून यंत्राने बर्फ करायचा. मार्च संपत आला तरी सिॲटलमध्ये आइस हॉकीचे सामने होऊ शकत, ते असल्या यंत्रांच्या जोरावर.

नियमांच्या बाबतीतही पॅट्रिक बंधूंना स्वस्थ बसवत नसे. गोलरक्षकाने चकती अडवायला बर्फावर लोळण घेतली तर चालेल, चकती पुढे सरकवून देता येईल, अशा कितीतरी गोष्टी त्यांनी रूढ केल्या. एक जुनी गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. त्यांच्याकडे संघात सात खेळाडू असत. सातवा ‘रोव्हर’, म्हणजे ठरावीक जागा नसलेला, हिंडता गडी. पूर्वेकडे हा सातवा गडी केव्हाच रद्द झाला होता. मग पूर्वेचा विजेता पश्चिमेच्या विजेत्याशी भिडणार तेव्हा सहा जणांनी खेळायचे की सात जणांनी? तोडगा अगदी पंचायतीतला निघाला. मालिका एक वर्ष पूर्वेला, एक वर्ष पश्चिमेला. नियम एका सामन्यात यांचे, पुढच्या सामन्यात त्यांचे.

१९१९ ची पाळी पश्चिमेची होती. पूर्वेकडच्या नॅशनल हॉकी लीगचा तो दुसराच हंगाम आणि तिची अवस्था नाजूक. तीनच संघ उरले होते, त्यातून टोरांटोने फेब्रुवारीत अंग काढून घेतले. उरलेल्या दोघांत माँट्रिअलने ओटावाला हरवले आणि संघ आगगाडीने अख्खा खंड ओलांडून पश्चिमेला निघाला. इकडे सिॲटलने व्हँकुव्हरला दोन सामन्यांच्या एकूण गोलांत ७-५ असे मागे टाकले होते. सिॲटल आणि माँट्रिअल यांची गाठ नवी नव्हती. १९१७ मध्ये याच सिॲटलने याच माँट्रिअलला हरवून करंडक जिंकला होता आणि तो जिंकणारा अमेरिकेतला पहिला संघ ठरला होता. त्या मालिकेत सिॲटलच्या बर्नी मॉरिसने एकट्याने चौदा गोल केले होते. १९१९ च्या मालिकेच्या तोंडावर मात्र सैन्यभरती टाळल्याच्या आरोपावरून मॉरिसला अटक झाली. पुढे लष्करी न्यायालयाने त्याला दोन वर्षांची शिक्षा देऊन अल्काट्राझच्या तुरुंगात पाठवले. युद्ध संपून चार महिने झाले होते, त्याचे हिशेब संपले नव्हते.

साथीचेही तसेच. सिॲटलमध्ये ऑक्टोबर १९१८ मध्ये शाळा, नाटकगृहे, चर्चे बंद झाली होती. तोंडाला फडके बांधल्याशिवाय ट्राममध्ये पाऊल ठेवू देत नसत. नोव्हेंबरात युद्धबंदी झाली, त्याच सुमारास निर्बंध उठले आणि लोक रस्त्यावर उतरले. मुंबईने हे आधीच भोगले होते. इथे जून १९१८ मध्ये गोदीवरच्या पोलीस शिपायांना ताप आला, ती पहिली लाट. पावसाळ्यानंतर दुसरी आली ती भयंकर. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे मेली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महाग झाले होते, त्यामुळे खेड्यांतून अर्धपोटी माणसे पटापट गेली. गावच्या मृत्यूच्या नोंदीत कारणांचे रकाने ठरलेले असत : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण असे. इन्फ्लुएंझाला स्वतःचा रकाना नव्हता. ते मृत्यू बहुतांशी ‘ताप’ या रकान्यात जमा झाले. पणजीचा मृत्यूही तिथेच कुठेतरी असणार.

लोकांना वाटले, गेली एकदाची. पण १९१९ च्या सुरुवातीला तिसरी लाट आली. दुसरीइतकी मोठी नव्हती, म्हणून तिचा गाजावाजाही झाला नाही. हॉकीच्या मैदानाचे दरवाजे उघडे राहिले ते यामुळे.

पहिला सामना १९ मार्चला, पश्चिमेच्या नियमांनी. सिॲटलने ७-० असा धुव्वा उडवला. फ्रँक फॉयस्टनचे तीन गोल. २२ मार्चला पूर्वेचे नियम आले आणि माँट्रिअलने ४-२ असे उट्टे काढले. चारही गोल ‘न्यूझी’ लालोंदचे. लहानपणी वर्तमानपत्राच्या छापखान्यात काम केले म्हणून त्याला हे टोपणनाव पडले होते. २४ मार्चला पुन्हा पश्चिमेचे नियम, पुन्हा सिॲटल, ७-२. या वेळी फॉयस्टनचे चार. एका गड्याच्या फरकाने खेळ किती बदलतो, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणार नाही. माँट्रिअलच्या खेळाडूंना तो सातवा भिडू नेमका कुठून उगवतो तेच कळत नसावे, असे आकडे पाहताना मला वाटते.

पाच सामन्यांच्या मालिकेत सिॲटल २-१ असे पुढे होते. आणखी एक विजय मिळाला की करंडक त्यांचा.

२६ मार्चचा चौथा सामना आइस हॉकीच्या इतिहासात वेगळा काढून ठेवावा असा आहे. साठ मिनिटांत दोन्हीकडून एकही गोल झाला नाही. पहिल्या सत्राच्या शेवटी सिॲटलच्या कली विल्सनने चकती जाळ्यात मारली, पण शिट्टी क्षणभर आधी वाजली होती. पंचांनी गोल नाकारला. पुढे जादा वीस मिनिटे खेळले, तरीही शून्यच. एका बाजूला सिॲटलचा गोलरक्षक हॅप होम्स, दुसऱ्या बाजूला माँट्रिअलचा जॉर्ज व्हेझिना. हा व्हेझिना सहा वर्षांनी एका सामन्यात तापाने फणफणलेल्या अवस्थेत बर्फावर उतरला, अर्ध्यातून बाहेर पडला आणि चार महिन्यांत क्षयाने गेला. उत्तम गोलरक्षकाला आजही त्याच्या नावाचा चषक देतात. त्या काळच्या खेळाडूंचे अंगावर दुखणे काढणे कोणत्या थराचे होते, हे सांगायला हे एक उदाहरण पुरे. ऐंशी मिनिटांनंतर पंचांनी सामना बरोबरीत सोडवला. खेळाडू होते तिथेच बर्फावर कोसळले. प्रेक्षक उभे राहून दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवत राहिले.

यानंतर असे ठरले की पुन्हा बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत खेळायचे. पाचवा सामना २९ मार्चला, शनिवारी. दोन सत्रे संपली तेव्हा सिॲटल ३-० ने पुढे होते. करंडक आणि सिॲटल यांच्यामध्ये उरली होती फक्त वीस मिनिटे. त्या वीस मिनिटांत माँट्रिअलने तीन गोल फेडले आणि जादा वेळेत सुमारे सोळाव्या मिनिटाला जॅक मॅकडोनाल्डने चौथा केला. ४-३. मालिका २-२ आणि एक बरोबरी. दहा-अकरा दिवसांत पाच सामने झाले होते आणि त्यांतले दोन ठरलेल्या वेळेच्या बरेच पलीकडे गेले होते. पाच सामन्यांत सिॲटलचे एकूण गोल १९, माँट्रिअलचे १०, तरीही पारडे समान.

याच सामन्यात माँट्रिअलचा एक बचावपटू मध्येच बर्फ सोडून गेला. बरे वाटत नाही म्हणाला. त्याचे नाव जो हॉल.

जो हॉलला लोक ‘बॅड जो’ म्हणत. जन्म १८८१ चा, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरचा. वाढला कॅनडातल्या मॅनिटोबात, ब्रँडनला. क्वेबेकच्या संघातून त्याने १९१२ आणि १९१३ असा दोनदा करंडक जिंकला होता. तो भांडखोर म्हणून गाजलेला होता. १९१८ मध्ये टोरांटोच्या अल्फ स्किनरशी त्याची काठ्यांनी अशी जुंपली की पोलिसांनी दोघांनाही पकडून नेले. क्वेबेककडून खेळताना त्याचे सर्वांत मोठे वैर होते माँट्रिअलच्या लालोंदशी. दोघांनी एकमेकांना किती वेळा रक्तबंबाळ केले असेल याचा हिशेब नाही. पुढे हॉल माँट्रिअलच्या संघात आला आणि तो व लालोंद एकाच खोलीत राहू लागले. वैरी होते ते जिवलग झाले. मला या अख्ख्या प्रकरणात ही खोली फार जवळची वाटते. तिथे काय बोलणे होत असेल, कोण कोणाच्या जखमांची थट्टा करत असेल! असो.

सोमवारपर्यंत संघाची खानावळ आजाऱ्यांची खोली झाली. हॉल, लालोंद, मॅकडोनाल्ड, बिली कुतू, लुई बर्लिंकेत हे पाच खेळाडू आणि व्यवस्थापक-मालक जॉर्ज केनेडी, सगळ्यांना ताप. काहींचा १०५ अंशांपर्यंत चढलेला. हॉल आणि मॅकडोनाल्ड यांची प्रकृती अधिक बिघडली, त्यांना रुग्णालयात हलवले. नऊ-दहा जणांतले पाच अंथरुणाला खिळल्यावर संघ म्हणून काही उरतच नाही. तरीही १ एप्रिलचा निर्णायक सामना ठरलेलाच होता. तो रद्द झाला तो सुरू होण्याच्या जेमतेम साडेपाच तास आधी.

इथे दोन माणसांकडे जरा थांबून पाहायला हवे. केनेडी स्वतः तापात होता. त्याने आधी व्हिक्टोरियाच्या संघातले काही खेळाडू उसने घेऊन खेळू द्या म्हणून पाहिले. ती मागणी मान्य झाली नाही. मग त्याने सरळ सांगितले, सामना आम्ही सोडतो, करंडक सिॲटलला द्या. आपल्याकडच्या भाषेत, सिॲटलला पुढे चाल. सिॲटलचा व्यवस्थापक पीट मल्डून याला फक्त ‘हो’ म्हणायचे होते. तो नाही म्हणाला. आजाराने खिळलेल्या संघाकडून करंडक घ्यायचा नाही, ही त्याची भूमिका होती.

योगायोग असा की ही दोन्ही नावे खरी नव्हेत. केनेडीचे खरे आडनाव केंडल. तो तरुणपणी कुस्ती खेळे, घरच्यांना ते पसंत नव्हते म्हणून आखाड्यात नाव बदलले. मल्डूनचे मूळ आडनाव ट्रेसी. त्याने मुष्टियुद्धासाठी नाव बदलले. एक पहिलवान आणि एक मुष्टियोद्धा, दोघेही टोपणनावांनी जगणारे, दोघांचेही पोट तिकिटांच्या पैशांवर. अशा माणसांकडून आपण व्यवहाराची अपेक्षा करतो. मला मल्डूनच्या नकाराचे कौतुक आहेच, पण केनेडीच्या देकाराचे थोडे अधिक आहे. पाचव्या सामन्यात मरता मरता परत आणलेली मालिका त्याने तापाच्या ग्लानीत का होईना, सोडून द्यायची तयारी दाखवली.

५ एप्रिल १९१९ रोजी सिॲटलच्या कोलंबस रुग्णालयात जो हॉल न्यूमोनियाने वारला. इन्फ्लुएंझा बहुतेकांना असाच नेई, तापामागून छाती भरून येऊन. तो अडतीस वर्षांचा होण्यास महिनाही उरला नव्हता. मागे बायको आणि मुले होती. लालोंद आणि बाकीचे बरे झाले. केनेडीही उठला, पण पुरता सावरला नाही. १९२१ च्या ऑक्टोबरात तो गेला आणि त्याच्या विधवेने माँट्रिअलचा संघ अकरा हजार डॉलरला विकला. आज त्या संघाचे मोल किती कोटींत होते, ते पाहिले की हा आकडा खोटा वाटतो.

सिॲटलच्या नशिबी यापेक्षा वाईट लिहिले होते. १९२० मध्ये ते करंडकासाठी पुन्हा झुंजले, पण ओटावाकडून हरले. १९२४ मध्ये संघच मोडला, मैदानाच्या जागी मोटारी ठेवायचे गॅरेज झाले. सर्वोच्च दर्जाचा आइस हॉकीचा संघ त्या शहराला पुन्हा मिळाला तो थेट २०२१ मध्ये.

आता करंडकावरच्या त्या ओळीकडे येतो. ती १९१९ मध्ये कोरलेली नाही. कित्येक वर्षे त्या सालाचा करंडकावर उल्लेखच नव्हता. १९४८ मध्ये करंडकाची नवी घडण केली, मधली राहून गेलेली साले भरून काढली, तेव्हा ‘मालिका अपूर्ण’ हे शब्द आले. म्हणजे घटनेनंतर एकोणतीस वर्षांनी. साथीचा उल्लेख त्यात नाही, हॉलचा नाही. करंडकावर खेळाडूंची नावे दरवर्षी न चुकता कोरण्याची रीत १९२४ पासूनची, तेव्हा हॉलचे नाव नसणे यात कोणाचा दुष्टावा नाही. पण मी त्या पाचव्या सामन्याचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडून पाहतो. २९ मार्चला सिॲटलने ती ३-० ची आघाडी आणखी वीस मिनिटे टिकवली असती, तर मालिका त्याच रात्री संपली असती. करंडकावर ‘सिॲटल, १९१९’ असे इतर ओळींसारखेच नाव आले असते. त्या सालापाशी थांबून कोणी काही विचारले नसते. आणि हॉल? त्याचा ताप त्या रात्री अंगात भरलेलाच होता. त्याचे रुग्णालय, त्याची ५ एप्रिल, यांत बहुधा काहीही बदलले नसते. १९१९ ची साथ करंडकावर अप्रत्यक्षपणे का होईना उमटली आहे, ती एका सामन्याचा निकाल लागला नाही म्हणून. एक खेळाडू गेला म्हणून नव्हे.

२००५ मध्ये मालक-खेळाडूंच्या वेतनाच्या वादात अख्खा हंगाम बुडाला आणि करंडक कोणालाच मिळाला नाही. तेव्हाही करंडकावर तशीच एक कोरडी ओळ आली. २०२० मध्ये कोरोनाने सामने थांबवले, पण टोरांटो आणि एडमंटन इथे खेळाडूंना बाहेरच्या जगापासून तोडून ठेवून, रिकाम्या प्रेक्षागारांपुढे, सप्टेंबरात स्पर्धा पुरी केली गेली.

जो हॉलला १९६१ मध्ये हॉकीच्या मानकऱ्यांच्या दालनात स्थान मिळाले. त्याचे दफन ब्रँडनला झाले नाही, माँट्रिअललाही नाही. सिॲटलपासून उत्तरेला, कॅनडाची हद्द ओलांडली की लागणाऱ्या व्हँकुव्हर शहरात, माउंटन व्ह्यू दफनभूमीत तो आहे.